तळे भरले म्हणतात, पण पाणी किती?

चैत्र लागला की मानोरा तालुक्यातील पोहरादेवीकडे जाणारे सारे रस्ते माणसांनी भरून जातात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रातूनही लोक येतात. ट्रकच्या टपावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एस.टी.त, मिळेल त्या वाहनाने. फेटिया-कांचळीवरचे आरसे उन्हात लखलखतात, नगारा वाजत असतो, आणि या सगळ्या गजबजाटात जो तो एकच गोष्ट शोधत असतो. पाणी.

वाचक बंधू-भगिनींनो, यातील गंमत पाहा. पोळ्याला परिसरातील तलाव काठोकाठ असतात, पण तेव्हा पाहुणा नसतो. रामनवमीला पाहुणा दारात येतो, तेव्हा तेच तलाव तळ दाखवू लागतात. वर्षातील सर्वांत मोठी गर्दी आणि वर्षातील सर्वांत कमी पाणी यांची गाठ दरसाल ठरलेलीच. त्यात ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. म्हणजे आता यात्रेपुरते नव्हे, तर बारमाही लोक येणार. रस्ते झाले, इमारती झाल्या. पाण्याचे काय?

“तलाव भरले, आता चिंता नाही,” असे दर भाद्रपदात कोणी ना कोणी म्हणतोच. या लेखात त्याच वाक्याची झडती घ्यायची आहे.

माथ्यावरचा जिल्हा

वाशीम जिल्हा नकाशावर नीट पाहिला तर लक्षात येते की तो पाण्याच्या माथ्यावर बसला आहे. उत्तरेला पडलेला पाऊस पूर्णेला, म्हणजे पुढे तापीला जातो. दक्षिणेला पडलेला पैनगंगेला, म्हणजे पुढे गोदावरीला. काटेपूर्णा इथे उगम पावते आणि तिच्यावरचे महानचे धरण अकोला शहराची तहान भागवते. अडाण आणि अरुणावती याच भागात जन्मतात. अरुणावतीवरचे मोठे धरण आहे ते यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसजवळ. आपल्याकडे वरून कोणाची नदी भरून येत नाही. जो पाऊस आपल्या शिवारात पडेल तोच आपला, आणि तोही उतारावर थांबायला तयार नसतो. म्हणून या भागात मोठ्या धरणांपेक्षा लघुसिंचन तलाव आणि पाझर तलाव यांनाच मोल आहे. वाशीम शहरसुद्धा एकबुर्जीसारख्या मध्यम तलावावर जगते.

यांपैकी किती तलाव आपल्याच माणसांच्या हातचे आहेत, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव पाझर तलावांची कामे निघाली. बौद्ध वस्तीतील आणि तांड्यातील बाया एकाच रांगेत माती वाहत होत्या. आमची आई सांगे, सकाळी पाटीवर पाटी, दुपारी सुकडी, घरी आल्यावर त्या परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी. तळहाताच्या सालीसुद्धा निघत. रोजगार हमीचा कायदा नंतर, १९७७ साली झाला. त्याची पायवाट या बायांनी आधीच पाडून ठेवली होती.

आता पाझर तलावाचे काम कसे चालते ते पाहा. त्याला कालवा नसतो. पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि पाळीच्या खाली असलेल्या विहिरींना पाझर फुटू द्यायचा. युक्ती उत्तम आहे. पण पाझर विहिरीत येतो, आणि विहीर ज्याच्या वावरात त्याचीच. ज्या बाईने पाळीवर माती टाकली तिला ना वावर होते ना विहीर. तलाव झाल्यावरही तिचा गुंड डोक्यावरच राहिला. आईने ही गोष्ट तक्रार म्हणून कधी सांगितली नाही. पण दर उन्हाळ्यात तलावाच्या बाजूने जाताना ती पाळीकडे बघायची, आणि मग खाली दुसऱ्याच्या विहिरीवर चालणाऱ्या मोटारीकडे.

मापात गाळ

तलावाचा पहिला शत्रू म्हणजे त्याच्या पोटात बसणारी माती. आपल्या काळ्या जमिनीचे कण फार बारीक. मृगाच्या पहिल्या सरी पडतात तेव्हा वावरे उघडी असतात. धुरे मोडलेले, उतारावर सरळ तास घातलेले. त्या गढूळ लोंढ्याबरोबर शेताचा सर्वांत कसदार थर तलावात उतरतो. शेत गरीब होते आणि तलाव उथळ होतो. एकाच पावसात दोन्हीकडून नुकसान.

धरणाचा आराखडा करताना इंजिनिअर मंडळी तळाशी काही जागा ‘मृत साठा’ म्हणून धरतात. गाळ तिथे जाऊन बसेल आणि वरचा ‘उपयुक्त साठा’ शाबूत राहील, असा जुना हिशेब होता. गाळ इतका आज्ञाधारक नाही. ओढा तलावात शिरतो तिथेच त्याचा वेग मोडतो आणि रेती, जाड माती तिथेच, तलावाच्या डोक्याशी बसू लागते. बारीक माती तेवढी भिंतीपर्यंत पोचते. म्हणजे गाळ तळाची राखीव जागा भरायच्या आधीच वापरायच्या पाण्याची जागा खाऊ लागतो.

इथे एक बारकी गोष्ट समजून घ्यावी लागेल. ‘प्रकल्पात ६० टक्के साठा’ अशी बातमी आपण वाचतो. हे टक्के पाणी मोजून काढलेले नसतात. पाळीजवळच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचतात आणि त्या उंचीला किती पाणी हे एका तक्त्यात पाहतात. हा तक्ता तलाव बांधला तेव्हाचा, किंवा शेवटची मोजणी झाली तेव्हाचा. मधल्या काळात पोटात गाळ बसला असेल तर उंची खरी आणि पाणी खोटे. शेराच्या मापात खाली भुसा दाबून वर धान्य सपाट केले तर गिऱ्हाईक भांडायला उठते. तलावाच्या बाबतीत आपण वर्षानुवर्षे भुशासकट माप घेतो आणि आभारही मानतो.

गाळ मोजायच्या रीती आहेत. पूर्वी होडीतून शिशाचे वजन दोरीला बांधून ठरावीक रेषांवर खोली घेत. आता ध्वनीच्या लहरी तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढणारी यंत्रे आहेत. तिसरी रीत उपग्रहाच्या चित्रांची. पाणी उतरत जाते तसतसा त्याचा फैलाव किती कमी झाला हे महिनोमहिन्यांच्या चित्रांवरून मोजतात, आणि त्या त्या उंचीला तलाव आता किती पाणी धरतो ते काढतात. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे १९५९ साली सुरू झालेल्या ‘मेरी’त, अशी कामे होतात. या रीतीची मर्यादा अशी की त्या वर्षी पाणी ज्या पातळीच्या खाली गेलेच नाही, तिथला गाळ चित्रात दिसत नाही. आणि मोठ्या धरणांसाठी हे सगळे होते. मानोरा, मंगरूळपीर, कारंज्याच्या खेड्यातील छोट्या तलावाकडे होडी घेऊन कोण येणार?

उन्हाचा वाटा

गाळाने तलाव उथळ झाला की दुसरा चोर बळावतो. तो म्हणजे ऊन. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण १ सेंटीमीटर पाणी हवेत जाते. एक सेंटीमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढे, कोणाच्या डोळ्यांत भरणार? पण हिशेब मांडा. एक हेक्टर पसरलेल्या पाण्यावरून १ सेंटीमीटर म्हणजे १०० घनमीटर, म्हणजेच १ लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर, एका हेक्टरवरून, एका दिवसात. तलावाचे पाणी पन्नास हेक्टरांवर पसरले असेल तर दिवसाला पाचशे टँकर वर जातात. आणि आम्ही गावात एका टँकरपुढे रांग लावून भांडत असतो!

ऊन पाण्याची खोली पाहत नाही, फैलाव पाहते. तेवढेच पाणी खोल आणि आटोपशीर तलावात असेल तर कमी उडते, पसरट परातीत असेल तर जास्त. पाण्यावर विशिष्ट मेणचट अल्कोहोलचा पातळ थर पसरून बाष्पीभवन रोखण्याचे प्रयोग झाले, पण वारा सुटला की तो थर फाटतो. तरंगते सौर पट्टे आता काही जलाशयांवर बसवले जातात. त्याने सावलीही होते आणि वीजही मिळते. छोट्या गावाला यांतले काही परवडणारे नाही. त्याला परवडते ते एवढेच, की पसरट पाणी आधी वापरावे, खोल पाणी उन्हाळ्यासाठी राखावे आणि काठावरच्या मोटारी कधी थांबवायच्या याचा ठराव करून तो पाळावा. यातला शेवटचा शब्द सर्वांत अवघड आहे.

हिरवे पाणी

पाणी आहे म्हणून ते पिण्याजोगे आहे असेही नाही. माताभगिनींनी हा भाग मुद्दाम वाचावा.

वावरातील खत, गावातील सांडपाणी, यात्रेतील उष्टे आणि मैला हे सगळे शेवटी उताराने तलावात येते. त्यातील स्फुरद आणि नत्र हे शेवाळाचे खाद्य. ऊन चढले, पाणी स्थिर राहिले की पाणी हिरव्या रंगासारखे घट्ट दिसू लागते. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री तेच प्राणवायू वापरून टाकते. म्हणून मासे मेलेले दिसतात ते बहुधा पहाटे. लोक म्हणतात कोणी विष टाकले. काही वेळा तसे असतेही, पण पुष्कळदा हे विष आपणच वर्षभर थोडेथोडे टाकलेले असते.

काही निळे-हिरवे शेवाळ खरोखरीचे विष तयार करते. त्याने ढोरे मेल्याची उदाहरणे जगभर आहेत. पाणी उकळले की जंतू मरतात, पण हे विष उकळून जात नाही. तेव्हा हिरवा तवंग आलेल्या काठावर ढोरे पाजू नका, लेकरांना पोहायला सोडू नका, आणि असे पाणी ‘उकळले की झाले’ म्हणून पिऊ नका.

घरातील बाईने मनावर घेतले तर काय होते त्याचा दाखला आपल्या पिढीने पाहिला आहे. पायऱ्यांच्या विहिरी आणि तळी यांतून नारू होत असे. पायातून हातभर जंत निघे. पाणी दुपदरी फडक्याने गाळून घेणे, नारू झालेल्याला पाण्यात उतरू न देणे, विहिरींना औषध घालणे एवढ्यावर तो हटवला गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्याला लस नव्हती, गोळी नव्हती.

लोणारची साक्ष

साचलेल्या पाण्यात जे येते ते कसे राहून जाते हे समजायला वाशीमहून रिसोडमार्गे लोणारला जावे. बंजाऱ्यांना लमाण म्हणतात, तो शब्द लवणावरून, म्हणजे मिठावरून आला असे सांगतात. हजारो बैलांच्या पाठीवरून मीठ नेणारा हा समाज. लोणारचे नावही त्याच मिठाचे. ‘ऐन-ए-अकबरी’त तिथल्या क्षाराचा काच आणि साबण करण्यासाठीचा उपयोग नोंदलेला आहे. काळ्या पाषाणात उल्का आदळून हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले. केव्हा झाले यावर मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे. एका मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. पंचांग सांगणाऱ्यांपेक्षा हे लोक प्रामाणिक, मतभेद आहे तो सरळ सांगतात.

या सरोवरात पाणी येते, पण बाहेर पडायला वाट नाही. ते फक्त उन्हाने उडते. पाणी उडते आणि क्षार मागे राहतो, म्हणून ते इतके खारट आणि इतके अल्कधर्मी. त्या पाण्यात जगणारे जीवही जगावेगळे. जून २०२० मध्ये हे सरोवर एकाएकी गुलाबी झाले आणि टीव्हीवाले धावले. कोणी चमत्कार म्हटले, कोणी कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कळले की पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, ऊन तापले आणि मीठ आवडणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्म जीव माजले. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत स्थान मिळाले.

पण लोणारचे खरे दुखणे गुलाबी रंग नव्हे. काठावर गाव वाढले, त्याचे सांडपाणी खाली उतरू लागले, आणि हा प्रश्न वर्षानुवर्षे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आहे. तिथे गोडे पाणी जास्त आले तरी बिघाड, कारण खारटपणा पातळ होतो आणि त्या खारटपणावर जगणारे जीव हटतात. म्हणजे एका तळ्याला पाणी हवे, दुसऱ्याला ते नको. आधी तळे ओळखावे, मग त्याला औषध द्यावे. आपण उलटे करतो. सुशोभीकरण आधी, तपासणी कधीतरी.

गाळ कोणाचा, पाणी कोणाचे

२०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. तलावातील गाळ उपसून शेतात टाकायचा. कल्पना चांगली आहे. जो थर वावरातून गेला तोच परत येतो. मुरमाड, हलक्या जमिनीला हा गाळ फार मानवतो. मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. खोदणाऱ्या यंत्राला गाळ आणि मूळ तळ यांतला फरक कळत नाही. लघुसिंचन तलावाचा चिकण मातीचा तळ फोडला तर साठवलेले पाणी झिरपून जाते. आणि वरचा उतार तसाच उघडा राहिला तर काही पावसाळ्यांत पुन्हा तेच. धुरे बांधणे, उताराला आडवी पेरणी, ओढ्याच्या काठी गवत राखणे ही कामे फोटोत भरत नाहीत, म्हणून ती मागे पडतात.

आणि ज्याला वावरच नाही त्याने गाळ कुठे टाकायचा? भूमिहीनाचा तलावाशी संबंध येतो तो वेगळ्या दाराने. पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या ओल्या जमिनीत गाळपेर होते. हरभरा, काकडी, टरबूज निघते. भोई बांधवांच्या संस्था कटला, रोहू, मृगळाचे बीज सोडतात. तलाव उथळ झाला, उन्हाळ्यात पुरता आटला, तर पहिला फटका या लोकांना. पण पाण्याचे वाटप ठरवणाऱ्या बैठकीत यांची खुर्ची नसते. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या, त्याही लाभक्षेत्रात जमीन असणाऱ्यांच्या.

तळे कोणाचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे होते, ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही झालेला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खाते सांभाळताना दामोदर आणि ओरिसाच्या नद्यांचा विचार करणारेही तेच होते. पुराचे पाणी हे संकट मानून समुद्रात लोटू नका, साठवा, त्यावर वीज, शेती, वाहतूक करा, हे त्यांचे म्हणणे.

हक्काची दुसरी रीत पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर घालून दिली. पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा एकरावर नव्हे, घरातील माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढा, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचा. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. हे सारे चालू शकले कारण किती पाणी आहे हे आधी मोजले जाई आणि ते सर्वांना ठाऊक असे. मोजमाप एकाच्याच वहीत राहिले असते तर वाटपही त्याच्याच वाड्यात झाले असते.

मोजायला इंजिनिअरच हवा असे नाही. पाळीच्या दगडावर किंवा काठाशी खोल रोवलेल्या बल्लीवर रंगाने सेंटीमीटरच्या खुणा करा. शाळेतील पोरे दर रविवारी आकडा वाचतील. जवळच उघड्यावर एक रुंद हौद पाण्याने भरून ठेवा, त्याला कुंपण घाला, आणि त्यातील पाणी किती उतरले तेही लिहा. हौद लवकर तापतो, म्हणून त्याच्या उतारातला साधारण सात-दशांश भाग तलावावर उन्हाचा धरावा. तलाव त्याहून जितका जास्त उतरला तितके पाणी एकतर जमिनीत मुरले किंवा कोणीतरी उपसले. पाझर तलावात मुरणे हे नुकसान नव्हे, ते त्याचे कामच. पण खालच्या विहिरींची पातळी वाढली नाही आणि तलाव मात्र भराभर उतरला, तर मोटारी मोजायला रात्री पाळीवर चक्कर मारावी लागेल.

पहिला आकडा १४ ऑक्टोबरला घ्यावा. त्या वेळी तलाव भरलेले असतात आणि वस्तीत सगळी माणसे जमलेली असतात. समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहा. दुसरा त्याच्याखाली १४ एप्रिलला. रामनवमीही त्याच सुमारास येते. पोहरादेवीला जाणारे तांडे रस्त्यावर दिसू लागतील आणि पाणी कुठे मिळेल म्हणून विचारतील, तेव्हा भिंतीकडे बघून सांगता येईल.